कंपनीच्या चाकरीतील पूर्वजाचा शोध : शिरूर-दौंड परिसरातील घराण्यांसाठी

1818 मध्ये पेशवाईचा शेवट झाला तेव्हा भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या काठावरील गावांत ईस्ट इंडिया कंपनीशी संबंध आलेली माणसे एकाच प्रकारची नव्हती. काही जण मुंबई इलाख्याच्या पलटणीत शिपाई होते, काही शिरूरच्या छावणीत घोडेस्वार होते, काहींनी मराठी राज्यात मिळवलेले इनाम किंवा सरंजाम नव्या सरकारकडून कायम करून घेतले होते, तर पाटील, कुलकर्णी, महार, रामोशी असे गावकामगार जे काम पूर्वी पेशव्यांच्या मामलेदारासाठी करीत तेच आता कलेक्टरच्या मामलेदारासाठी करू लागले होते. आज या सर्वांच्या वंशजांकडे ‘आमचे पूर्वज इंग्रजांकडून होते’ हे एकच वाक्य परंपरेने आलेले असते, आणि कुटुंबागणिक ते अभिमानाने तरी सांगितले जाते किंवा संकोचाने दडवले तरी जाते. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याने या वाक्यापासून सुरुवात करण्यास हरकत नाही; मात्र पूर्वजाने कोणाची बाजू घेतली, याचा निर्णय शोधाच्या आरंभी न करता अखेरीस करावा, कारण उपलब्ध कागदपत्रांत निष्ठेची नोंद क्वचित आणि नोकरी, जमीन, पगार व वारस यांची नोंद वारंवार सापडते.

अमेरिकेतील स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या लोकांना ‘लॉयलिस्ट’ म्हणतात, आणि त्यांचे वंशज आजही मोठ्या हौसेने आपली वंशावळ सिद्ध करतात. त्यांना ते साधते याचे कारण असे, की त्या लोकांना घरदार सोडून कॅनडात व अन्यत्र जावे लागले, गमावलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी ब्रिटिश संसदेने 1783 मध्ये आयोग नेमला, आणि 1789 मध्ये गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर यांनी अशा कुटुंबांची स्वतंत्र नोंद ठेवण्याचे ठरवले. म्हणजे तेथे निष्ठा हाच नोंदीचा विषय होता. दख्खनमध्ये कंपनीच्या बाजूच्या माणसाला गाव सोडावे लागले नाही. उलट गावातली जमीन व हक्क टिकवणे हाच त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्यामुळे येथे ‘एकनिष्ठांची यादी’ अशी एखादी वही शोधत बसणे व्यर्थ असून, महसूल, इनाम आणि लष्कर या तीन खात्यांच्या रोजच्या दप्तरांतूनच पूर्वजाचा माग काढावा लागतो.

घरातील कागद

शोधाची पहिली जागा घरातील ट्रंक, देवघरामागचा कोनाडा किंवा थोरल्या पातीकडे असलेले कापडी दप्तर ही होय. भावकीत कागद बहुधा एका शाखेकडे आणि जमीन दुसऱ्या शाखेकडे गेलेली असते, म्हणून वाटणीपत्र कोणाकडे राहिले हे आधी विचारावे. सापडलेले कागद चिकटपट्टीने जोडू नयेत, प्लास्टिकमध्ये पक्के बंद करू नयेत आणि घड्या मोडण्यासाठी इस्त्री करू नये. सपाट ठेवून, दोन्ही बाजूंचे व कडांवरील शिक्क्यांचेही छायाचित्र घ्यावे, कारण मोडी कागदाच्या पाठीवर पुष्कळदा तारीख किंवा दप्तरदाराचा शेरा असतो.

अशा कागदांत सनद आढळल्यास ती कोणत्या काळातील आहे हे दिसण्यावरूनही बरेचसे कळते. हातकागदावर, बोरूने, सलग मोडीत लिहिलेली आणि आरंभी किंवा अखेरीस शिक्का-मोर्तब असलेली सनद बहुधा मराठी राज्यातील किंवा कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या काळातील असते. छापील नमुन्यावर रिकाम्या जागा हाताने भरलेली आणि इंग्रज अधिकाऱ्याची सही असलेली सनद ही पुष्कळदा 1863 च्या दुसऱ्या क्रमांकाच्या मुंबई कायद्यानुसार झालेल्या ठरावाची असते. त्या कायद्याने इनामदारांना हक्काच्या मुळापर्यंतची चौकशी टाळून ठरावीक आकारणीच्या बदल्यात जमीन कायम करून घेण्याची सोय दिली होती. अनेक घराण्यांत ‘इंग्रजांनी जमीन बक्षीस दिली’ अशी जी समजूत असते तिचा उगम या छापील सनदेत असतो, आणि ती समजूत बहुतेक वेळा चुकीची ठरते, कारण त्या सनदेने नवीन जमीन दिलेली नसून आधीच्या राजवटीतील इनाम बहाल ठेवलेले असते. ‘बहाल’ किंवा ‘पुढे चालविणे’ या अर्थाचे शब्द आढळले की त्याआधीची एक सनद कोठेतरी होती, असे गृहीत धरून शोध मागे न्यावा.

पदक सापडले असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहावी, कारण नाव, हुद्दा आणि पलटण कडेवर कोरलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकातील लढायांसाठीचे ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक 1851 मध्ये, म्हणजे 1818 च्या कोरेगावच्या लढाईनंतर तेहेतीस वर्षांनी, तोवर हयात असलेल्यांसाठी मंजूर झाले. त्यामुळे पदक नसणे हा पूर्वज लढाईत नसल्याचा पुरावा होत नाही. घरात पहिल्या महायुद्धाचे पदक असेल व ते चांदीऐवजी कांस्याचे असेल, तर पूर्वज बंदूकधारी शिपाई नसून मजूर किंवा अन्य साहाय्यक तुकडीत असण्याची शक्यता मोठी असते.

जमिनीचा माग

लष्करी कागद मिळो वा न मिळो, जमिनीचा कागद जवळजवळ नेहमी मिळतो, आणि दौंड तालुक्याच्या राहू बेटातील किंवा शिरूर तालुक्यातील कुटुंबासाठी तोच सर्वांत विश्वसनीय दोरा आहे. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो. पण गट हे 1947 च्या जमीन एकत्रीकरण कायद्यानंतर पाडले गेले, त्यामुळे गट नंबर घेऊन थेट जुन्या दप्तरात गेल्यास काहीही हाती लागत नाही. प्रथम एकत्रीकरणाचे 9(3) व 9(4) चे उतारे मिळवून आजच्या गटात कोणते सर्व्हे नंबर सामावले हे पाहावे, मग त्या सर्व्हे नंबरांचे जुने फेरफार क्रमाने मागे वाचीत जावे. फेरफार म्हणजे हक्कात झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद. हक्कनोंदीची ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत रूढ झाली असल्याने त्या सुमारास मयत झालेल्या पिढीची नावे, वारसांसह व कधी कधी विधवेच्या आणि मुलींच्या नावांसह, तेथे मिळतात.

त्यामागील काळासाठी कडईपत्रक, सूडपत्रक, आकारफोड आणि शेतवार पत्रक असे जमाबंदीचे कागद उपयोगी पडतात. या पत्रकांतून कोणती जमीन कोणाच्या नावावर, किती आकाराची आणि कोणत्या धारणेची होती हे दिसते. इनामाचा संशय असल्यास गाव नमुना 3, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, अवश्य पाहावी. ज्या जमिनीचा किंवा गावाचा महसूल सरकारने पूर्णतः वा अंशतः दुसऱ्यास दिला ती दुमाला, आणि ज्याचा महसूल सरकारातच जमा होतो ती खालसा. शिरूर तालुक्यातील पिंपरी दुमाला या गावाच्या नावातच ही व्यवस्था टिकून आहे. नोंदवहीत इनामाचा वर्ग दिलेला असतो. वर्ग 1 मध्ये सरंजाम व राजकीय स्वरूपाची इनामे, वर्ग 2 मध्ये व्यक्तीला दिलेली जात इनामे, वर्ग 3 मध्ये देवस्थान इनामे आणि वर्ग 6-ब मध्ये महार, रामोशी अशा गावकामगारांच्या सरकारउपयोगी चाकरीची वतने मोडतात. म्हणून पूर्वजाच्या जमिनीपुढे 6-ब असा वर्ग दिसला तर ती जमीन गावकामगाराच्या वंशपरंपरागत चाकरीची होती, हे उघड होते, आणि ती लढाईतील पराक्रमासाठी मिळाली अशी घरातील कथा असल्यास तिचा पुन्हा विचार करावा लागतो. उलट वर्ग 2 ची जमीन असेल तर ती कोणी, कोणास, कशासाठी दिली हे शोधण्यात अर्थ आहे. देवस्थान इनामे वगळता ही इनामे पुढे 1950 ते 1960 या दशकातील निरनिराळ्या कायद्यांनी खालसा झाली. त्या वेळचे आदेश आणि कब्जेहक्काच्या रकमा भरल्याच्या नोंदीही फेरफारातच असतात व मागे जाण्यासाठी त्या उत्तम खूण ठरतात.

हे उतारे तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षात आणि उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात नकलेच्या अर्जावर मिळतात, आणि पुष्कळ जुने कागद आता स्कॅन होऊन महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ सेवेत पाहता येतात. अर्जात केवळ आडनाव न देता गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे कालखंड द्यावा. तालुक्याबाबत विशेष जागरूक राहावे लागते, कारण आजचा दौंड तालुका जुन्या कागदांत भीमथडी या नावाखाली आहे, आणि आज शिरूर तालुक्यात असलेल्या गावांचे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील मोजणीचे कागद पाबळ तालुक्याच्या नावाने बांधलेले असू शकतात. एकसारख्या नावांची गावे हीही मोठी अडचण आहे. शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा आणि राहूच्या परिसरातील, दौंड तालुक्यात मोडणारे कोरेगाव भिवर ही दोन वेगळी गावे असून, जुन्या कागदात नुसते ‘मौजे कोरेगाव’ असे असल्यास पुढील तर्फ किंवा प्रांताचे नाव वाचल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. कोरेगावच्या लढाईमुळे या दोहोंची गल्लत होण्याचा मोह आणखी वाढतो.

2023 पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या कुणबी नोंदी शोधल्या गेल्या, तेव्हा गाव नमुना 14 मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची जनरल रजिस्टरे आणि मोडीतील महसुली कागद मोठ्या प्रमाणावर उघडले व स्कॅन केले गेले. त्या मोहिमेचा हेतू वेगळा असला तरी कोणत्याही जातीच्या शोधकर्त्याला तिचा लाभ होतो, कारण कोणत्या गावाचे कोणते जुने दप्तर शिल्लक आहे याची माहिती त्या निमित्ताने स्थानिक कार्यालयांत झालेली असते.

पलटण आणि रिसाला

शिरूर, म्हणजेच घोडनदी, येथे कंपनीची छावणी होती, आणि 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन याच्या हाताखालील तुकडी याच छावणीतून पुण्याकडे निघाली. मुंबईच्या देशी पायदळातील पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, साहाय्यक घोडदळ आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा मिळून ती सुमारे 834 जणांची होती. दुसऱ्या दिवशी कोरेगावात पेशव्यांच्या सैन्याशी झालेल्या लढाईत तिचे 275 जण मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. भीमेच्या पुण्याकडील बाजूस, हवेली तालुक्यातील पेरणे गावाच्या हद्दीत उभ्या असलेल्या स्तंभावर मृतांची नावे कोरलेली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1 जानेवारी 1927 रोजी तेथे भेट दिल्यानंतर तो स्तंभ एका मोठ्या समाजाच्या स्वाभिमानाचे स्थान झाला, आणि आज अनेक कुटुंबे आपल्या पूर्वजाचे नाव तेथे शोधतात.

तो शोध कसा करावा, याचा येथे थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. कंपनीच्या मृत सैनिकांच्या 49 नावांपैकी 22 नावे ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे त्या काळच्या महार पुरुषांच्या नावांच्या धर्तीची आहेत, आणि उरलेल्यांत मराठा, राजपूत, मुसलमान व यहुदी नावे आहेत. ‘गोपनाक मोठेनाक’ या नमुन्याप्रमाणे नावापुढे बापाचे नाव येते. आडनाव नसते आणि गावाचा उल्लेखही नसतो. म्हणून आजच्या एखाद्या आडनावाचा संबंध केवळ नावाच्या साम्यावरून त्या दगडाशी जोडणे टिकत नाही. त्यातच मुंबईच्या पलटणींची भरती त्या काळी मोठ्या प्रमाणावर कोकणातून होत असे, त्यामुळे स्तंभावरील शिपाई हा शिरूर-दौंडचाच असेल असे मानता येत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर लढलेल्यांपैकी बहुसंख्य जिवंत राहिले आणि त्यांची नावे स्तंभावर येण्याचे कारणच नव्हते. तेव्हा पूर्वजाचे नाव तेथे नाही म्हणून घरातील आठवण खोटी ठरत नाही. जखमी होऊन वाचलेले जमादार खंडोजी बिन गजोजी माळवदकर यांच्याकडे 1824 मध्ये स्तंभाची देखभाल सोपवण्यात आली, ती माहिती नेमणुकीच्या कागदांवरून मिळते. आणि वाचलेल्या अन्य सैनिकांचा मागही असाच नेमणूक, निवृत्तिवेतन किंवा जमिनीच्या कागदांतून काढावा लागतो. कंपनीच्या इंग्रजी कागदांत महार सैनिकांसाठी ‘परवारी’ हा शब्द येतो, हेही शोधकर्त्यास ठाऊक असावे, नाहीतर हवी ती यादी हातात असूनही ती ओळखता येत नाही.

पलटणींची नावे सतत बदलत गेल्याने पूर्वजाच्या पलटणीची वंशावळही वेगळी मांडून ठेवावी. कोरेगावात लढलेली बटालियन पुढे ग्रेनेडियर झाली, 1903 च्या फेररचनेत तिला 102 हा क्रमांक मिळाला, 1922 मध्ये ती चौथ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सची दुसरी बटालियन झाली, आणि तिची परंपरा आजच्या भारतीय सेनेच्या ग्रेनेडियर्स रेजिमेंटमध्ये चालू आहे. घोडदळाचे तसेच. पूना हॉर्स या नावाने आज भारतीय सेनेत असलेल्या रेजिमेंटचा उगम 1817 च्या पुणे तहानंतर उभारलेल्या साहाय्यक घोडदळात आहे, आणि त्या फौजेच्या खर्चासाठी खुद्द पेशव्यांकडूनच मुलूख लिहून घेतला गेला होता. त्या वर्षीच्या पावसाळ्यात या रिसाल्यात दाखल झालेला स्वार ‘पेशव्यांविरुद्ध गेला’ असे म्हणताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही, कारण त्याने नोकरी धरली तेव्हा युद्ध सुरू झालेले नव्हते.

रिसाल्यातील पूर्वजाचा शोध घेताना तो शिलेदार होता की बारगीर, हे पाहावे. स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर; स्वाराच्या जागेला असामी म्हणत, ती मालमत्तेसारखी मानली जाई आणि तिची खरेदी-विक्रीही होई. त्यामुळे असामीचा उल्लेख वाटणीपत्रात, कर्जरोख्यात किंवा सावकाराच्या वहीतही सापडू शकतो. घोडनदीच्या जुन्या पेढ्यांशी ज्या घराण्यांचा व्यवहार होता त्यांनी या दिशेने चौकशी करण्यास मोठा वाव आहे.

एकोणिसाव्या शतकातील देशी शिपायाची सविस्तर सेवानोंद हाती लागणे मात्र अवघड असते. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस कागदपत्रांत गोऱ्या सैनिकांची व अधिकाऱ्यांची माहिती भरपूर आहे. देशी शिपायांची नोंद पलटणीपाशीच राहत असे व तिचा मोठा भाग टिकलेला नाही. देशी अधिकारी, म्हणजे जमादार व सुभेदार, आणि 1837 मध्ये सुरू झालेल्या ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ किंवा ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया’ या सन्मानांचे मानकरी यांची नावे सैन्याच्या आदेशांत येतात. पूर्वज साधा शिपाई असेल तर निवृत्तिवेतनाच्या कागदांकडे वळावे. पहिल्या महायुद्धातील मृतांचा शोध तुलनेने सोपा आहे, कारण राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी सर्वांना खुली असून तीत पुष्कळदा बापाचे व गावाचे नाव दिलेले असते. शिवाय अनेक गावांत ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धास गेले’ असे सांगणारी संगमरवरी पाटी चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली आढळते. या पाटीवर केवळ संख्या असते, नावे नसतात, पण त्या संख्येवरून गावातील आणखी कोणत्या घरांकडे चौकशी करावी याचा अंदाज येतो.

पेशवे दप्तर आणि मोडी

पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर हे या शोधातील सर्वांत मोठे भांडार होय. कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला तेथे रुमाल म्हणतात, आणि असे हजारो रुमाल रोजकीर्द, घडणी, शाहू दप्तर, चिटणिशी, पागा, पथके, प्रांत अजमास, जमाव अशा विभागांत लावलेले आहेत. कंपनी सरकारने हे दप्तर जपले ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे, तर इनामांचे दावे तपासण्यासाठी. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर गावोगावच्या धारकांना आपले कागद दाखवावे लागले, आणि त्या चौकशीत दिलेले जबाब, वंशावळी व सनदांच्या नकला आज घराण्यांच्या इतिहासासाठी अनमोल ठरतात. ज्या घरातील मूळ सनद वाळवीने किंवा पुराने गेली त्या घराची नक्कल येथे मिळण्याचा संभव असतो. पूर्वज सरदार वर्गातील असल्यास दख्खनच्या सरदारांसाठी नेमलेल्या एजंटाचे कागदही पाहावेत. कंपनी सरकारने या सरदारांचे तीन वर्ग करून त्यांना दिवाणी दाव्यांत काही सवलती दिल्या होत्या, आणि वर्गात नाव टिकवण्यासाठी दर पिढीला वारसाची नोंद करावी लागे.

हे कागद वाचण्यासाठी मोडी येणे अपरिहार्य आहे. पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्यामार्फत मोडीचे वर्ग चालतात, आणि आपल्या गावाचे व घराण्याचे नाव मोडीत ओळखण्याइतकी तयारी नेटाने अभ्यास करणाऱ्यास थोड्या काळात होते. सलग वाचनासाठी मात्र जाणकाराचे साहाय्य घ्यावे. वाचताना नात्याचे शब्द नीट पाहावेत. ‘खंडोजी बिन गजोजी’ यातील ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, मुसलमान नावांत त्या जागी ‘वलद’ येतो, आणि वडील व मुलगा यांची नावे एकाआड एक पिढीत तीच ठेवण्याची चाल असल्याने एकाच नावाचे आजोबा आणि नातू एक समजले जाण्याचा धोका नेहमी असतो.

तारखांबाबतही तशीच दक्षता हवी. मराठी कागदात शक, फसली आणि शुहूर अशा तीन गणना आढळतात. शकात 78 मिळवल्यास, व पौष-माघाच्या सुमारास 79 मिळवल्यास, इसवी सन येतो, तर मृगाच्या सुमारास सुरू होणाऱ्या दख्खनी फसली सनात 590 आणि शुहूर सनात 599 मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. शुहूर सन बहुधा अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. ‘समान अशर मयातैन व अलफ’ असे कागदावर दिसले तर समान म्हणजे 8, अशर म्हणजे 10, मयातैन म्हणजे 200 आणि अलफ म्हणजे 1000, असे मिळून 1218 होतात. हे वर्ष जून 1817 ते जून 1818 असे पडते, आणि खडकी व कोरेगाव येथील लढाया आणि पेशवाईची अखेर या सर्व घटना याच एका वर्षात येतात. या शब्दांतील एक जरी चुकीचा वाचला तरी पूर्वज एका राजवटीतून दुसरीत जातो.

मुंबईत काळा घोडा येथील राज्य पुराभिलेखागारात लष्कर, महसूल व राजकीय खात्यांच्या दैनंदिन्या आहेत, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा मोठा संग्रह ‘अभिलेख पटल’वर पाहता येतो. या दोन्ही ठिकाणी इंग्रजी स्पेलिंग ही खरी अडचण असते. शिरूर, कोरेगाव, दौंड, भीमथडी या नावांची एकोणिसाव्या शतकातील चार-पाच रूपे आधी जुन्या गॅझेटियरमधून लिहून घेऊन मगच शोध करावा.

निष्ठेची भाषा

कागद जमल्यावर त्यांतील भाषेचा प्रश्न उभा राहतो. एकोणिसाव्या शतकातील अर्जांत ‘सरकारचे एकनिष्ठ सेवक’, ‘वाडवडिलांनी सरकारासाठी रक्त सांडले’ अशा अर्थाची वाक्ये वारंवार येतात, आणि वंशज ती वाचून पूर्वजाच्या मनाविषयी निष्कर्ष काढतात. परंतु अर्जदाराला काहीतरी मिळवायचे असते म्हणून तो अर्ज करतो, आणि सरकारला जी भाषा समजते त्या भाषेत करतो. महारांची सैन्यभरती बंद झाल्यानंतर गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 च्या सुमारास आणि शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये केलेल्या अर्जांत पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला आहे. तो दाखला देऊन मागितले आहे ते सैन्यात व सरकारी नोकरीत प्रवेश आणि माणुसकीची वागणूक. ज्या समाजाला पेशवाईत रस्त्याने मोकळेपणी चालण्याचीही मुभा नव्हती त्या समाजातील शिपायाने कंपनीची चाकरी धरली, तेव्हा त्याच्यासमोर दोन राष्ट्रांपैकी एक निवडण्याचा प्रश्न होता असे मानणे म्हणजे आजचा प्रश्न त्याच्यावर लादणे होय. इनाम वाचवण्यासाठी एजंटापुढे वर्षानुवर्षे हेलपाटे घालणाऱ्या ब्राह्मण किंवा मराठा इनामदारालाही हाच न्याय लावला पाहिजे. त्याची ‘राजनिष्ठा’ हे पुष्कळदा जमीन टिकवण्याचे साधन होते. काही थोड्या माणसांनी युद्धाच्या ऐन काळात जाणूनबुजून कंपनीस मदत केली व त्याचा मोबदला घेतला, हेही खरे आहे, आणि तसा कागद निघाला तर तो लपवू नये. मदतीची तारीख, मोबदल्याचे स्वरूप आणि त्याआधी त्या घराण्याची परिस्थिती, या तीन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या म्हणजे त्या माणसाविषयी न्यायाने लिहिता येते. कोरेगावचा विषय आजही गावागावांतील संबंधांना स्पर्श करणारा असल्यामुळे अर्धवट वाचलेला एखादा मोडी कागद मोबाईलवरून पसरवण्यापूर्वी तो दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेणे ही शोधकर्त्याची जबाबदारी ठरते.

वंशावळ मांडताना प्रत्येक नावाखाली ते कोणत्या कागदात, कोणत्या वर्षी आढळले हे लिहावे, आणि ऐकीव माहिती निराळ्या शाईने नोंदवून सांगणाऱ्याचे नाते व सांगितल्याची तारीख द्यावी. पंढरपूर किंवा त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वज यात्रेस गेल्याची नोंद मिळाल्यास तीत सोबतच्या भावांची व मुलांची नावे असतात, आणि जेथे महसुली कागदात फक्त थोरल्याचे नाव आहे तेथे ती पोकळी या वह्यांनी भरून निघते. स्त्रियांची नावे घराण्याच्या वंशावळीत बहुधा गाळलेली असतात. ती वारसाच्या फेरफारात, विधवेच्या निवृत्तिवेतनाच्या अर्जात आणि निपुत्रिक वतनदाराच्या मृत्यूनंतर दत्तकाला मंजुरी मागणाऱ्या कागदांत सापडतात, म्हणून हे तीन प्रकारचे कागद केवळ पुरुषांच्या पिढ्या जुळवण्यासाठी चाळून बाजूला न ठेवता पुन्हा एकदा स्त्रियांच्या नावांसाठी वाचावेत. एखाद्या पूर्वजाचे वडील म्हणून दोन कागदांत दोन नावे आली, तर त्यांतील एक खोडून न टाकता दोन्ही तुटक रेषेने जोडून ठेवावीत, कारण त्यांपैकी एक जनक पिता आणि दुसरा दत्तक पिता असण्याची शक्यता वतनदार घराण्यांत नेहमीच असते.